तर्जनीवरून अंगठ्यावर: कंपाउंड धनुष्याचा रिलीज कसा बदलावा

कंपाउंड म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य हाती आलं की बहुतेक जण रिलीज, म्हणजे दोरी पकडून सोडणारं छोटं यंत्र, मनगटाला पट्ट्याने बांधून तर्जनीने ट्रिगर ओढायला शिकतात. शिकायला सोपं आणि पट्टा बांधलेला, म्हणून हरवायची भीती नाही. अडचण पुढे येते. साईटचा, म्हणजे नेम धरायचा ठिपका टार्गेटच्या मधल्या पिवळ्यावर आला रे आला की बोट आपोआप झटका देतं. टार्गेट पॅनिक म्हणतात ते हेच. तिकडे अमेरिकेत धनुष्याने शिकार करणारे लोकही याच त्रासाला कंटाळून अंगठ्याच्या रिलीजकडे वळतात.

आपल्याकडे शिकारीचा विषय एका वाक्यात संपतो: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी तूर आडवी केली तरी धनुष्य घेऊन जागलीला जायचं नाही, वन विभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करायचा. इथे पुढे जे सांगतोय ते फक्त टार्गेटसाठी. आणि टार्गेटचं म्हणाल तर विदर्भाला कंपाउंड नवं नाही. नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अंतिम सामन्यात १५ बाणांत १५० पैकी १५० घेतले, त्याच वर्षी बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायचा विश्वचषक टप्पा जिंकला.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. रिलीज बदलल्याने झटका जात नाही. तर्जनीने मारत होता तो झटका अंगठ्याने मारायला लागलात, तर पैसे गेले आणि रोग तसाच राहिला. अंगठ्याच्या रिलीजचा फायदा एवढाच की अंगठा ट्रिगरवर नुसता टेकवून ठेवता येतो आणि बाण पाठीच्या ओढीने सुटू देता येतो. ते शिकायला वेळ द्यावा लागतो. म्हणून जिल्हा किंवा राज्य निवड तोंडावर असेल तर हा उद्योग तेव्हा नको.

घेताना. रिलीज तीन बोटांचा असतो, चार बोटांचाही असतो. नावाजलेले परदेशी रिलीज महाग पडतात, तेव्हा मैदानावर दोन-चार जणांचे हातात घेऊन पाहा. मुठीत धरल्यावर बोटांच्या दुसऱ्या पेरात नीट बसला पाहिजे, आणि अंगठा न ताणता ट्रिगरपर्यंत पोचला पाहिजे. ट्रिगरचा दाब कमी-जास्त करायचा स्क्रू आहे ना, तेवढं बघून घ्या. नवशिक्याने दाब जड ठेवावा. हलका ट्रिगर म्हणजे चांगला ट्रिगर हा समज मैदानावर फार आहे, आणि झटक्याची सवय बहुतेक त्यातूनच लागते.

धनुष्याआधी दोरी. हा टप्पा सगळे गाळतात, आणि सगळ्यात महत्त्वाचा हाच. मजबूत नायलॉनची दोरी घ्या, टोकं बांधून आपल्या ड्रॉ लेंग्थएवढा, म्हणजे धनुष्य पूर्ण ओढल्यावर होतं त्या अंतराएवढा, लांब वळसा करा. एक टोक धनुष्याच्या हातात धरा, दुसऱ्यात रिलीज अडकवा, आणि नेहमीसारखं अँकरला, म्हणजे हात जबड्याशी टेकायच्या ठरलेल्या जागी, येऊन ओढा. सुटला तर दोरीच हातातून उडेल, फार तर स्वतःला हलकी चापट बसेल. धनुष्यावर हीच चूक केली तर मूठ थेट नाकावर येते. ओढताना अंगठा ट्रिगरवर नसावा. तो ट्रिगरच्या मागे लपवायचा किंवा खुंटी असेल तर तिच्यावर ठेवायचा, आणि अँकर पक्का झाल्यावरच ट्रिगरकडे न्यायचा. अंगठा आपोआप मागे राहायला लागेपर्यंत धनुष्याला हात लावू नका. घरात टीव्ही पाहतानाही हे होतं, फक्त समोर कुणी बसलेलं नको.

अंगठा कुठे टेकवायचा. टोकाने ट्रिगर धरू नका. टोकाला जाणीव फार, ते लगेच हुकूम पाळतं. ट्रिगर अंगठ्याच्या पहिल्या सांध्याजवळ, जमलं तर त्याहून आत, बुंध्याकडे घ्या. मग मूठ सैल न करता खांद्याची पाती पाठीच्या कण्याकडे सरकवायची. करंगळीकडच्या बोटांवर ओढ वाढते, हात किंचित फिरतो, आणि ट्रिगर अंगठ्यावर आपणहून दाबला जातो. बाण नेमका कधी सुटेल हे तुम्हाला कळलं नाही, म्हणजे बरोबर चाललंय.

जवळून, डोळे मिटून. तीन-चार मीटरवर टार्गेट लावा, त्यावर वर्तुळांचा कागद लावू नका. गावात फोमचं बट (बाण अडवणारा ठोकळा) मिळत नसेल तर जुने कपडे, साड्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या ठासून भरलेलं पोतं चालतं. नुसत्या तणसाच्या पेंढीतून कंपाउंडचा बाण आरपार जातो. पोत्याच्या मागे मातीचा उंच बांध किंवा मातीचा ढीग हवा. बांधापलीकडे पांदण असेल तर जागाच बदला. तिथून गुरं येतात, माणसं येतात. बाण लावा, अँकरला या, डोळे मिटा आणि फक्त ओढ सांभाळा. बाण न लावता दोरी कधीच सोडायची नाही, धनुष्य फुटतं. जमत नाही असं वाटलं की अंगठा मागे घेऊन दोरी हळूच परत सोडा. पूर्ण ओढल्यावर वजन जेवढं कमी होतं तो लेट-ऑफ. ५० पौंडांचं धनुष्य ८० टक्के लेट-ऑफला फक्त १० पौंड धरायला लावतं, त्यामुळे थांबून विचार करायला सवड असते. मात्र दोरी परत सोडताना मध्ये पूर्ण वजन अंगावर येतं, त्याची तयारी ठेवा.

सोबत कुणी असेल तर मोबाईल स्लो-मोशनवर लावून हाताचा व्हिडिओ काढायला सांगा. आमच्याकडच्या सरावात हा संवाद नेहमीचा: धाकटा म्हणतो, "म्या दाबलाच नाही, दादा." दादा स्क्रीन पुढे करतो, "अंगठा पाह्य तुया." व्हिडिओत अंगठा टिचकी मारल्यासारखा उडालेला असतो. ज्याचा बाण खरंच ओढीने सुटतो, त्याचा हात गालावरून सरळ मागे, खांद्याकडे जातो आणि अंगठा जागेवरच असतो.

अँकर आणि पीप. मनगटाच्या रिलीजला तळहात जमिनीकडे असायचा. आता पहिल्या दोन बोटांच्या गाठींच्या मधल्या खाचेत जबड्याचं हाड बसवायचं. हात बदलला की डोळ्यासमोरचा पीप, म्हणजे दोरीतली बघायची छोटी कडी, तीही वर-खाली होते. मान वाकवून पीपमध्ये डोकावू नका. डोळे मिटून अँकर घ्या, मग उघडा. पीप समोर नसेल तर पीप हलवायचा, डोकं नाही. पट्ट्याची लांबी कमी-जास्त करता येत होती, इथे ती सोय नाही, म्हणून डी-लूप (दोरीवरचा रिलीज अडकवायचा छोटा फास) किंवा ड्रॉ लेंग्थ थोडी बदलावी लागू शकते. पीप आणि ड्रॉ लेंग्थचं काम बो प्रेस (धनुष्य दाबून दोरी सैल करायचं यंत्र) असलेल्या प्रशिक्षकांकडूनच करून घ्या. घरी पकड-पाना घेऊन बसू नका.

अंतर वाढवणं. हे झाल्यावरच कागद लावा. आधी १० मीटर, मग १८, ३०, शेवटी ५०. जुन्या साईटच्या खुणा विसरा, बाण दुसरीकडेच पडतील. प्रत्येक अंतराला नव्याने खूण करा. ५० मीटरच्या ८० सेंटीमीटरच्या कागदावर दहाचं वर्तुळ ८ सेंटीमीटरचं असतं, तेव्हा पहिले काही दिवस गुण लिहूच नका. झटका परत आला की लाज न बाळगता तीन मीटरवर परत या. ठिपका पिवळ्यात हलणारच. त्याला हलू द्यायचं आणि ओढत राहायचं.

आपल्या उन्हाबद्दल थोडं. मे महिन्यात अमरावती-अकोल्यात सराव सकाळीच उरकावा. घामाने रिलीज घसरतो, म्हणून कमरेला टॉवेल ठेवा आणि रिलीजची दोरी मनगटात अडकवा. टिनाच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीत धनुष्य ठेवलं तर दोरी ताणते आणि साईटच्या खुणा फिरतात. काळ्या मातीची धूळ रिलीजच्या फटीत जाऊन बसते. जुन्या टूथब्रशने कोरडी साफ करा. तेल ओतू नका, तेलावर धूळ आणखी चिकटते. स्पर्धेला जाताना शक्य असेल तर दुसरा रिलीज तसाच, त्याच दाबावर लावून बॅगेत ठेवा.