ऑनलाइन कॅमेरा घेताना 'कन्फर्मेशन'चा फोन आला तर काय कराल?

अमळनेर, चोपडा, धरणगाव या पट्ट्यात मी लग्नाचे फोटो काढतो. स्वतःसाठी आणि ओळखीच्या पोरांसाठी बरेच कॅमेरे ऑनलाइन मागवले आहेत. 'ऑनलाइनवाले सगळे चोर' या सल्ल्याचा मला आता वीट आलाय. फसवणूक कुठे होते, ते नेमकं सांगायला हवं.

मॉडेल ठरवा, चार ठिकाणी भाव बघा. एकाच ठिकाणी आठ-दहा हजारांनी स्वस्त दिसला, तर तिथे जाऊ नका.

पैसे भरण्याआधी कार्टमधली प्रत्येक ओळ वाचा. न मागितलेली बॅग, आधीच टिक केलेला 'प्रोटेक्शन प्लॅन' काढून टाका. अशी आधीच टिक करून घेतलेली संमती २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत चालत नाही.

आता फोन. मी फसलो तो इथेच.

पैसे भरल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला, "सर, ऑर्डर कन्फर्म करायचीय." पत्ता विचारला, गोड बोलला. मग म्हणे, "डब्यातली बॅटरी अर्धा तासच चालते सर. आणि हा इम्पोर्टेड सेट आहे, चार्जर वेगळा घ्यावा लागेल." आठ दिवसांवर साखरपुड्याची सुपारी होती. मी घाबरलो आणि बॅटरी, चार्जर, फिल्टर, कार्ड असे साडेअकरा हजार वाढवून बसलो. डबा उघडला तर कंपनीचा चार्जर आत होताच. त्यांची 'चार तासवाली' बॅटरी ऐन अंगठी घालताना बंद पडली. मुलीच्या वडिलांचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून भो, त्या फोनवर एक रुपयाचीही वस्तू घेऊ नका. डब्यात काय येतं, ते कॅमेरा कंपनीच्या साइटवर लिहिलेलं असतं; ते पान आधीच उघडून ठेवा. काही नव्या मॉडेलांत चार्जर खरंच नसतो, पण ते कंपनीकडून कळू द्या, फोनवाल्याकडून नको. एका चार्जिंगमध्ये किती फोटो निघतात, तो आकडाही कंपनी देते. 'यूव्ही फिल्टरने फोटो खुलतो' हे साफ खोटं आहे. डिजिटल सेन्सरसमोर अतिनील किरण अडवणारी काच आधीच असते. फिल्टर फक्त लेन्सला ओरखड्यापासून वाचवतो.

तुम्ही ठाम 'नाही' म्हणालात की खरी परीक्षा. आवाज बदलतो आणि कालपर्यंत असलेला माल अचानक 'तीन आठवडे येणार नाही' होतो. त्या भावात तो कॅमेरा त्यांना विकायचाच नसतो. वाट बघू नका, त्याच दिवशी ईमेलवर ऑर्डर रद्द करा. 'कॅन्सलेशन चार्ज लागेल' म्हणाले, तर २०२० च्याच नियमांचं नाव घ्या: दुकानाने स्वतःहून ऑर्डर रद्द केली तर तेही तसाच चार्ज सोसत असतील, तरच तुमच्याकडून घेता येतो.

'इम्पोर्टेड' शब्द कानावर पडला की लेखी विचारा: भारतातली वॉरंटी आहे का? सिरियल नंबरसह जीएसटी बिल मिळेल का? उत्तर गोलमाल असेल, तर सोडून द्या. वॉरंटी नसलेला कॅमेरा बिघडला की दुरुस्तीचा सगळा खर्च आपल्याच खिशातून.

डबा फोडताना व्हिडिओ काढा. डब्यावरचा, कॅमेऱ्यावरचा आणि बिलावरचा सिरियल नंबर जुळवा.

पैसे अडवले, तर ऑर्डर नंबर आणि ईमेल समोर ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.