चार कमानी पट्ट्या आधी, क्लॅम्प नंतर

नवीन शिकणारे येतात तेव्हा त्यांच्या डोक्यात टेबलाचा माथा असतो आणि खिशात क्लॅम्पची लांबलचक यादी. मी त्यांना आधी कमानी पट्ट्या करायला बसवतो.

सागाच्या चार-पाच फळ्या कडेला कड लावून बाजूने आवळल्या की ओल्या फेविकॉलवर एखादी घसरते आणि अर्ध्या सुताने वर उचलते (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मग तो उंचवटा रंधून काढताना माथ्याची जाडीच जाते. म्हणून वरून-खालून आडव्या पट्ट्या लावायच्या. पण पट्टीला क्लॅम्प लागतो फक्त दोन टोकांना. सपाट पट्टी मधोमध बाहेर फुगते, कडेच्या फळ्या दबतात आणि मधल्या मोकळ्याच राहतात. त्यावर उपाय म्हणजे कमानी पट्टी: फळ्यांना टेकणारी बाजू मध्यावर किंचित फुगीर ठेवायची. टोकं आवळताना पट्टी वाकून सरळ होते आणि दाब सगळीकडे पोचतो.

तीन फुटी पट्टीला प्रत्येक टोकाशी अर्ध्या सुताचा उतार पुरतो. लाकूड सरळ रेषांचं, बिनगाठीचं घ्या. दीड इंच रुंद, दोन इंच उंच हे माझं माप, पण ते डोळे मिटून उचलू नका. उंची दुप्पट केली तर पट्टी आठपट ताठ होते. हातात लहान सी क्लॅम्प असतील तर ती वाकणारच नाही. पट्टीची उंची आपल्या क्लॅम्पच्या ताकदीवर ठरवायची, हे बरेच जण विसरतात.

कमान आखत बसू नका. मध्यावर पेन्सिलीची रेघ मारा. टोकाजवळून बाहेरच्या दिशेने रंधा मारायला लागा आणि दर वेळी सुरुवात थोडी आत सरकवा. रेघ मात्र पुसली जाता कामा नये. दुसऱ्या टोकाला तेवढेच हात मारा. रंध्याचं पातं अगदी थोडंच बाहेर ठेवा, कारण एका अर्ध्यावर तुम्ही लाकडाच्या रेषांच्या उलट असाल. दोन पट्ट्यांच्या फुगीर बाजू समोरासमोर ठेवा, मध्ये आणि टोकांशी कागदाचे तुकडे अडकवा आणि आवळा. सगळे तुकडे सारखेच घट्ट बसले की झालं. टोकाचा सुटत असेल तर कमान जास्त झाली, मध्यावरून थोडं काढा. शेवटी फुगीर बाजूला ब्राऊन टेप, नाहीतर पट्टीही माथ्याचाच भाग होईल!

जोडताना आधी गोंदाशिवाय एकदा सगळं बसवून बघा. वैशाखात पंखा बंद ठेवा, गोंदावर पटकन साय धरते. पट्ट्या आधी हलक्या हाताने, मग बाजूचे क्लॅम्प थोडे, मग पट्ट्या घट्ट आणि सर्वांत शेवटी बाजू पूर्ण. फळ्यांच्या कडाच सरळ रंधलेल्या नसतील तर पट्टी ती फट मिटवणार नाही. तिचं काम फळ्या एका पातळीत धरायचं.

तासाभराने पट्ट्या काढल्या तरी चालतं, बाजूचे क्लॅम्प राहू द्या. पट्टीखाली गोंदाचं पाणी कोंडतं, म्हणून माथा उभा करून दोन्ही अंगांना वारा लागेल असा ठेवा.