तीन पत्तीचा हात, पोकरचं टेबल

इंदुरात कॅसिनो नाही. त्यामुळे घरच्या तीन पत्तीतून पोकरकडे वळणाऱ्या आपल्यासारख्यांचं पहिलं टेबल बहुधा पणजीचं, मांडवीतल्या बोटीवरचं. वय २१ पूर्ण हवं, ओळखपत्र जवळ ठेवा. होल्डेमचे, म्हणजे तिथे चालणाऱ्या पोकरचे नियम तुम्हाला येतच असतील. मलाही येत होते. तरी ५०-१००च्या टेबलावर (डाव सुरू होताना दोघांना सक्तीने लावावे लागणारे रुपये) १०,००० घेऊन बसलो आणि दीड तासात मोकळा होऊन डेकवर वारा खात उभा राहिलो.

रामबागेतल्या आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या रात्री फराळाची ताटं सरकवून तीन पत्तीचा डाव बसतो. ट्रेल (तिन्ही पानं सारखी), प्युअर सिक्वेन्स (एकाच जातीची, ओळीने), सिक्वेन्स (नुसती ओळीने), मग कलर (एकाच जातीची), हा क्रम पाढ्यासारखा अंगात भिनलेला. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. हे वाचलेलं होतं, पाठही होतं.

माझ्या हातात काळी नव्वी-दश्शी. फ्लॉपला, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, बदामची अठ्ठी, किलवरचा गुलाम, चौकट दुर्री. टर्नला, चौथं पान, बदाम सत्ती. सिक्वेन्स! रिव्हरला, म्हणजे पाचव्या शेवटच्या पानाला, बदाम चौकी पडली आणि इतका वेळ नुसता कॉल करणारा, म्हणजे लावलेल्या रकमेइतकंच भरणारा, समोरचा गृहस्थ एकदम मोठी बेट लावून बसला. मनात आलं, कलर असेल त्याचा, असू दे, माझा सिक्वेन्स आहे. उरलेले ७,४०० पुढे सारले. डीलरने पॉट तिकडे सरकवला तेव्हाही दोन क्षण मला वाटलं, डीलरच चुकला.

नुसतं घोकून हे जात नाही, कारण कळावं लागतं. तीन पानांत एकूण २२,१०० जुळण्या. त्यात सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६. सिक्वेन्स दुर्मिळ, म्हणून वरचा. पाच पानांत सिक्वेन्स १०,२००, कलर ५,१०८. पारडं उलटं. म्हणून रिव्हर पडल्यावर चिप्सना हात लावण्याआधी बोर्डावर एकाच जातीची तीन पानं आहेत का, ते बघा. मी अजून बोटावर मोजतो. लोक हसतात, हसू देत.

दुसरी घरची सवय म्हणजे हप्त्याहप्त्याने चाल टाकणं. इथे आधी आकडा बोला, मग चिप्स ठेवा. नाहीतर पहिली मूठच धरली जाते. आणि ‘बघू तरी काय आहे’ म्हणून शो मागितल्यासारखा कॉल करू नका. शंभर-दोनशेंनी रात्र संपते.

घाबरू मात्र नका. हात थरथरतात, सगळ्यांचेच. पाळी कोणाची हे डीलरला विचारलं तर कुणी खात नाही.

रेक, म्हणजे प्रत्येक पॉटमधून कॅसिनो कापून घेतो तो वाटा, किती, कमाल किती कापतात, हे बसण्याआधी विचारा. छोट्या पॉटमध्ये तोच खरा पाहुणा, जेवून जाणारा. उधारीचे पैसे, फीचे पैसे घेऊन जाणार असाल तर जाऊच नका, सरळ सांगतो.

कुठली पानं खेळावीत याचे चार्ट विकणाऱ्या गुरूंवर माझा काडीचा विश्वास नाही. टिळकनगरच्या एका काकांनी मला शेंगदाणे लावून आठ रविवार खेळवलं, फुकट, आणि प्रत्येक हातानंतर एकच प्रश्न विचारला: “का टाकलेस?” ऑनलाइन सरावाचं म्हणाल, तर २०२५च्या कायद्याने पैशांचे खेळ बंदच झालेत. शेंगदाणेच बरे.

यंदा दिवाळीत घरच्या डावात माझ्याकडे कलर आला. ऐटीत शो मागितला. काकूने सिक्वेन्स टाकला, चाळीस रुपये ओढले आणि विचारलं, “हेच शिकून आलास का रे गोव्याहून?”