लाल दिसला की पळस?

एसटीत कंडक्टर होतो तेव्हा फेब्रुवारी-मार्चात खिडकीतून जे झाड लाल दिसेल ते माझ्या लेखी पळस. एकदा ताम्हिणी घाटात गाडी बंद पडली. एका आजींनी खाली पडलेली दोन फुलं माझ्या हातावर ठेवली. "यातला पळस कुठला सांग बरं?" मी झटकन एक उचललं. दोन्हींपैकी एकही नव्हता.

तेव्हापासून मी आधी वर बघत नाही, झाडाखाली जातो. ही झाडं फुलताना बहुतेक निष्पर्ण असतात, लांबून सगळी सारखीच. पान सापडलं तरी 'पळसाला पाने तीनच' या म्हणीवर विसंबू नका, पांगाऱ्यालाही तीनच!

फूल हाताला जड, मांसल लागलं, पाच जाड पाकळ्या आणि मध्ये पुंकेसरांचा झुबका असेल तर ती काटेसावर. बुंध्यावर शंकूसारखे काटे असतात. जुन्या झाडाचे झिजतात, तेव्हा वरच्या फांद्या बघाव्यात. ही फुलं खायला भेकरं, म्हणजे छोटी हरणं, येतात, म्हणून सकाळी लवकर गेलात तर पाऊल वाजवू नका.

पळसाचं फूल ओळखायचं ते देठाशी असलेल्या वाटीवरून. काळपट, मखमली. बोट फिरवा, वासराच्या कानामागे फिरवल्यासारखं वाटतं. पाकळ्या केशरी, त्यातली एक राघूच्या चोचीसारखी बाकदार, बाहेरून चंदेरी लव. पांगाऱ्याची पाकळी मात्र लालभडक, एकच मोठी, बाकीच्या नावापुरत्या; वाटी एका बाजूने उललेली आणि फांदीवर बारीक काळे काटे.

झुडपाच्या काडीला लगडलेल्या बारीक लाल नळ्या दिसल्या तर ती धायटी. तिथे पाच मिनिटं थांबा, शिंजीर, म्हणजे फुलातला मध पिणारा चिमुकला पक्षी, येतोच.

अंजनी मात्र खाली शोधून सापडत नाही. महाबळेश्वर, भीमाशंकरच्या सदाहरित रानात गर्द हिरव्या पानांमागे, जून फांद्यांना चिकटून तिचे निळे-जांभळे झुबके बसलेले असतात. पानं हाताने बाजूला सारून बघायचं, तोडायचं नाही.

आणि कधी पांढरा पळस सापडला तर फोटो काढा, पण जागा कुणाला सांगू नका. गुप्तधनाच्या नादात लोक त्याची मुळंसुद्धा शिल्लक ठेवत नाहीत.