इकॉलॉजीत निधीसह संशोधनाची जागा शोधताना या चुका टाळा

परीक्षेत चांगले गुण असले की विद्यावेतनासह पीएच.डी.ची जागा मिळतेच, असे गृहीत धरून अर्ज करणारा उमेदवार इकॉलॉजीत बहुधा पहिल्याच टप्प्यावर अडतो. या शाखेत संशोधनाचा पैसा अनेकदा एखाद्या ठरावीक प्रश्नाला, ठरावीक अधिवासाला आणि तो प्रश्न हाती घेतलेल्या मार्गदर्शकाला बांधलेला असतो. त्यामुळे पैसा कुठून येणार, तो कोणत्या कामासाठी मंजूर झाला आहे आणि किती काळ पुरणार, हे तीन प्रश्न अर्ज लिहायला बसण्यापूर्वीच विचारावे लागतात. मी वाचलेल्या फसलेल्या अर्जांपैकी बऱ्याच अर्जांचे मूळ दुखणे हे प्रश्न न विचारण्यात होते. त्याचे वाईट वाटते, कारण त्या उमेदवारांची तयारी आणि रानात घालवलेले तास खरे होते.

‘निधी उपलब्ध’ एवढ्यावरच विसंबणे

जाहिरातीतील ‘निधी उपलब्ध’ या शब्दांमागे निदान तीन वेगळ्या व्यवस्था असू शकतात. संशोधन साहाय्यकाचे विद्यावेतन मार्गदर्शकाच्या प्रकल्प-अनुदानातून येते, म्हणून प्रबंधाचा विषय त्या प्रकल्पाच्या चौकटीतच बसवावा लागतो. अध्यापन साहाय्यकाचे विद्यावेतन विभाग देतो आणि त्याच्या बदल्यात प्रयोगवर्ग घेणे, उत्तरपत्रिका तपासणे अशी कामे करावी लागतात; अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत हे काम आठवड्याला सुमारे २० तासांपर्यंतचे असते. फेलोशिप मात्र उमेदवाराच्या नावाने मंजूर होते, आणि विषय निवडण्याचे सर्वांत जास्त स्वातंत्र्य तीच देते.

यातील मोठी अडचण कालावधीची आहे. प्रकल्प-अनुदान तीन वर्षांचे आणि पीएच.डी. पाच-सहा वर्षांची, अशी स्थिती अमेरिकेत नेहमीची आहे. त्यामुळे ‘चौथ्या वर्षी माझे विद्यावेतन कुठून येईल?’ हा प्रश्न विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही, आणि चांगला मार्गदर्शक त्याचे सरळ उत्तर देतो. दुसरी अडचण क्षेत्रकार्य करणाऱ्यांनाच प्रामुख्याने भोवते. काही विद्यापीठांचे विद्यावेतन शैक्षणिक वर्षाच्या नऊ महिन्यांपुरतेच असते, आणि समशीतोष्ण प्रदेशात उरलेले तीन महिने म्हणजे नेमका उन्हाळा, ज्या काळात पक्ष्यांची वीण, परागण, वनस्पतींची वाढ आणि तलावांतील शेवाळाचे चक्र यांची नोंद घ्यायची असते. ज्या महिन्यांत सर्वाधिक काम, त्याच महिन्यांत पगार नाही, ही गोष्ट रुजू झाल्यावर कळणे फार जड जाते. तेव्हा रक्कम विचारताना महिन्यांची संख्याही विचारावी. शुल्कमाफीत आरोग्यविमा आणि इतर शुल्के येतात का, आणि क्षेत्रावरील वाहन, उपकरणे व नमुन्यांचे प्रयोगशाळेतील विश्लेषण यांचा खर्च कोणत्या खात्यातून होणार, याचीही खातरजमा करावी.

सर्व देशांची पद्धत एकच समजणे

अमेरिकेत अनेक इकॉलॉजी विभागांमध्ये पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळू शकतो, प्रबंधासह केल्या जाणाऱ्या पदव्युत्तर पदवीलाही बऱ्याचदा विद्यावेतन असते, आणि अर्जाची मुदत साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत संपते. मात्र मार्गदर्शकाशी पत्रव्यवहार त्याआधी, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास, झालेला असावा लागतो. कोणीही आपल्या गटात घेण्याची तयारी दाखवलेली नसताना विभागाकडे केवळ ऑनलाइन अर्ज भरणे ही सर्वांत सामान्य चूक आहे, कारण अशा विभागांत एखाद्या प्राध्यापकाची शिफारस नसलेला अर्ज, गुण कितीही असले तरी, सहसा पुढे सरकत नाही. त्याच देशात वन्यजीव आणि मत्स्यव्यवस्थापनासाठी १९३५ पासून चालत आलेली सहकारी संशोधन केंद्रे आहेत. त्यांच्या जागा राज्यांच्या वन्यजीव विभागांच्या गरजांशी जोडलेल्या असतात आणि वर्षभरात केव्हाही जाहीर होतात. डिसेंबरची वाट पाहत बसणाऱ्याला त्या दिसतच नाहीत.

स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलँड्स या देशांत पीएच.डी. ही बहुतांशी पगारी नोकरी असते. जाहिरात निघते, तिला संदर्भ क्रमांक असतो आणि पदव्युत्तर पदवी सामान्यतः आवश्यक असते. तेथे जाहिरातीतील प्रत्येक अटीला अर्जात उत्तर असले पाहिजे. केवळ स्वतःची ओळख करून देणारे पत्र पाठवून वाट पाहणे उपयोगाचे नाही. ब्रिटनमध्ये बऱ्याच जागा मार्गदर्शकासह आणि विषयासह ठरवून दिलेल्या प्रकल्पांच्या रूपाने येतात.

पात्रतेची अट शेवटी वाचण्याची सवय येथे महागात पडते. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदवीधर संशोधन फेलोशिप पाच वर्षांच्या मुदतीत तीन वर्षांचे आर्थिक साहाय्य देते, पण ती तेथील नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच आहे. युरोपीय संघाच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये नागरिकत्वाची अट नाही, परंतु भरतीपूर्वीच्या ३६ महिन्यांत उमेदवार यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेला किंवा मुख्य व्यवसाय करत असलेला नसावा. म्हणजे ज्या देशात नुकतीच दोन वर्षांची पदवी पूर्ण केली, त्याच देशातील जागेसाठी तो उमेदवार अपात्र ठरतो. ब्रिटनच्या संशोधन मंडळांच्या निधीतून परदेशी विद्यार्थी घेता येतात, पण त्यांच्या प्रमाणावर मर्यादा आहे, आणि परदेशी शुल्क व स्थानिक शुल्क यांतील फरक कोण भरणार हे विद्यापीठागणिक बदलते. क्षेत्रकार्याच्या जागांमध्ये वैध वाहनपरवाना ही अटदेखील खरीखुरी अट असते; ती शोभेपुरती लिहिलेली नसते.

कोणालाही पाठवता येईल असे पत्र

‘मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे आणि आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची इच्छा आहे’ हे वाक्य असलेले पत्र शंभर जणांना पाठवता येते, आणि ते तसेच पाठवले गेले आहे हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. पहिल्या पत्राचे काम मर्यादित आहे. आपण कोण, कोणता प्रश्न डोक्यात आहे, तो त्या गटाच्या कामाला कुठे जाऊन मिळतो, आणि येत्या वर्षी ते विद्यार्थी घेणार आहेत का, एवढे त्यात आले की पुरे. त्या गटाचा एखादा अलीकडचा शोधनिबंध खरोखर वाचून त्यातील न सुटलेल्या बाबीवर दोन वाक्ये लिहिली, तर स्तुतीच्या परिच्छेदाची गरज उरत नाही. उदाहरणार्थ, ‘तुमच्या अभ्यासात पाणथळीतील मिथेनचे मापन दिवसा झाले आहे, रात्री पाण्यातील प्राणवायू घटतो तेव्हा उत्सर्जनाचा अंदाज बदलेल का, असा प्रश्न मला पडला’ अशा एका वाक्यातून उमेदवाराची विचार करण्याची पद्धत दिसते. दोन आठवड्यांत उत्तर न आल्यास एकदा नम्रपणे स्मरण द्यावे. क्षेत्रकार्याच्या हंगामात प्राध्यापक अनेक दिवस संपर्काबाहेर असतात, त्यामुळे मौन म्हणजे नकारच असे समजू नये.

प्राण्यावर प्रेम, पण प्रश्न नाही

संशोधन-निवेदनातील, म्हणजे काय व कसे अभ्यासायचे आहे ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या लेखनातील, सर्वांत खोल चूक ही आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. ‘मला बिबट्यावर काम करायचे आहे’ हे विधान प्राण्याचे नाव सांगते, पण काय जाणून घ्यायचे आहे ते सांगत नाही. मानवी वस्तीजवळ राहणारे मांसभक्षक आपली हालचाल रात्रीकडे सरकवतात का, आणि त्यामुळे त्यांच्या भक्ष्याच्या वागण्यात काय बदल होतो, असे विचारले की अभ्यासाला दिशा येते. मग बिबट्याऐवजी कोल्हा किंवा लांडगा असलेल्या प्रकल्पातही त्या उमेदवाराला जागा सापडू शकते. निधी प्रश्नाला मिळत असल्याने हा बदल थेट संधींची संख्या वाढवतो.

त्याच्या पाठोपाठ येणारी चूक अभ्यासाच्या रचनेची असते. निवेदनात असे वर्णन वारंवार भेटते: वणवा लागलेला एक माळ आणि न लागलेला एक माळ घेतला, प्रत्येकी २० चौकटी आखल्या, त्यांतील रोपे मोजली आणि ‘नमुना २०’, म्हणजे २० स्वतंत्र मोजमापे, असे धरून वणव्याचा परिणाम सिद्ध केला. येथे वणवा एकदाच घडला आहे आणि माळही प्रत्येकी एकच आहे. २० चौकटी त्या दोन माळांतील फरक सांगतात. तो फरक वणव्यामुळे पडला की मातीमुळे, उतारामुळे किंवा जुन्या चराईमुळे, हे त्या सांगू शकत नाहीत. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या दोषाला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ म्हणजे आभासी पुनरावृत्ती असे नाव दिले, आणि निवड समितीतील जवळजवळ प्रत्येक इकॉलॉजिस्ट तो पहिल्या वाचनातच ओळखतो. पदवीच्या प्रकल्पात असा दोष राहिला असेल तर तो लपवू नये. ‘हा अभ्यास एकाच वणव्यापुरता होता, पुन्हा करायचा झाल्यास मी अनेक स्वतंत्र जळालेली क्षेत्रे घेईन’ असे लिहिणारा उमेदवार मला निर्दोष आकडे मांडणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो.

खुल्या विदेच्या (डेटाच्या) वापरातही असाच सापळा आहे. जीबीआयएफ (सजीवांच्या नोंदी), ई-बर्ड (पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी) यांसारख्या खुल्या संग्रहांतून घरबसल्या छोटे विश्लेषण करता येते, आणि क्षेत्रकार्याची संधी न मिळालेल्यांसाठी हा उत्तम मार्ग आहे. परंतु नोंदी रस्त्यांच्या आणि शहरांच्या आसपास दाटतात, आणि नोंद नाही म्हणजे पक्षी नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. ई-बर्डवर निरीक्षकाने ‘दिसलेले व ओळखता आलेले सर्व पक्षी नोंदवले’ असे सांगितलेल्या पूर्ण याद्याच वेगळ्या काढल्या, निरीक्षणाचा वेळ व अंतर हिशेबात घेतले आणि हे निवेदनात एका वाक्यात लिहिले, तर विश्लेषण छोटे असूनही वजनदार ठरते. ‘आर’ ही सांख्यिकीची संगणकभाषा येते, जीआयएस ही नकाशा-विश्लेषणाची प्रणाली येते, अशी नुसती यादी देण्याऐवजी त्या साधनांनी काय केले ते सांगावे.

ऐनवेळी मागितलेली पत्रे आणि विसरलेले परवाने

शिफारसपत्र मोठ्या पदावरील अपरिचित व्यक्तीकडून घेण्यापेक्षा ज्यांनी आपले काम पाहिले आहे त्यांच्याकडून घ्यावे. पावसात तुटलेला सापळा उमेदवाराने कसा दुरुस्त केला, नोंदवहीतील चूक स्वतः कशी दाखवून दिली, हे लिहू शकणारी व्यक्ती समितीला उपयोगी माहिती देते. त्यासाठी किमान चार ते सहा आठवडे आधी विचारावे आणि सोबत निवेदनाचा मसुदा व मुदतींची यादी द्यावी.

स्वतःचा प्रस्ताव मांडायचा असेल तर वेळापत्रकात परवान्यांचा काळ धरावा. संरक्षित क्षेत्रातील प्रवेश, प्राणी हाताळण्यासाठी नैतिक समितीची मान्यता, संरक्षित प्रजातींचे नमुने सीमेपार नेण्यासाठी साइटिस या वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराची कागदपत्रे आणि जनुकीय सामग्रीसाठी २०१४ पासून अमलात असलेल्या नागोया करारानुसारच्या परवानग्या यांना महिने लागू शकतात. पहिल्याच महिन्यात नमुने गोळा करणारा प्रस्ताव वाचणाऱ्याला अननुभव दाखवतो.

मुलाखतीत न विचारलेले प्रश्न

मुलाखत दोन्ही बाजूंची असते. त्या गटातील सध्याच्या विद्यार्थ्यांशी, मार्गदर्शक उपस्थित नसताना, अवश्य बोलावे. पदवी पूर्ण व्हायला किती वर्षे लागतात, क्षेत्रावरील खर्च आधी स्वतःच्या खिशातून करावा लागतो का आणि तो किती दिवसांत परत मिळतो, एकट्याने दुर्गम जागी जावे लागते का, छळ किंवा अपघात झाल्यास तक्रार कोणाकडे करायची, हे प्रश्न संकोचाने टाळले जातात आणि पुढे तेच सर्वाधिक त्रास देतात. दुर्गम तळावर मार्गदर्शकच वाहनाचा, निवाऱ्याचा आणि संपर्काचा ताबा ठेवतो. सुरक्षिततेची लेखी व्यवस्था आहे की नाही हे म्हणूनच महत्त्वाचे.

प्रस्ताव हाती आल्यावर घाईने होकार देणे ही आणखी एक चूक. अमेरिकेतील काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केलेल्या संस्था आर्थिक साहाय्याच्या प्रस्तावावर १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन घालू शकत नाहीत. मात्र ज्या जागेला आपण जाणार नाही हे ठरले आहे, ती लगेच मोकळी करावी. प्रतीक्षायादीतील कोणाचे तरी वर्ष त्यावर अवलंबून असते.

अडले कुठे, ते ओळखणे

अपयश आले की अनेक जण सगळाच अर्ज पुन्हा लिहितात. दोष कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी पाहावे. पत्रांना उत्तरेच येत नसतील तर पत्र सर्वसाधारण आहे, पाठवण्याची वेळ चुकली आहे किंवा निवडलेल्या गटांचा विषय आपल्याशी जुळत नाही. अशा वेळी दहा गटांऐवजी चार गट निवडून त्यांचे काम नीट वाचावे. उत्तरे उत्साहाची येतात पण मुलाखतीचे बोलावणे येत नाही, तेव्हा निवेदन आणि शिफारसपत्रे तपासावीत आणि शक्य असल्यास या विषयाबाहेरच्या एखाद्या जाणकाराला निवेदन वाचून ‘यातील प्रश्न एका वाक्यात सांगा’ असे म्हणावे. त्याला तो सांगता आला नाही, तर समितीलाही तो सापडलेला नाही. मुलाखती होतात पण निवड होत नाही, तेव्हा बहुधा स्वतःच्याच कामातील पद्धतीचे समर्थन तोंडी करता येत नसते: तीच चौकट का, तेवढाच नमुना का, तेच सांख्यिकी प्रारूप का. याचा सराव मोठ्याने बोलून करावा लागतो. नकारानंतर मार्गदर्शकाला दोन ओळींत कारण विचारता येते. अनेकदा उत्तर ‘अनुदान मंजूर झाले नाही’ असे असते आणि त्याचा उमेदवाराच्या कुवतीशी संबंध नसतो.

प्रवेश मिळाला पण निधी नाही, ही सर्वांत अवघड स्थिती. कर्ज काढून रुजू व्हावे आणि पुढच्या वर्षी काहीतरी होईल अशी आशा धरावी, हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. मार्गदर्शकाचा अनुदान-प्रस्ताव विचाराधीन आहे का व निर्णय केव्हा अपेक्षित आहे, अध्यापन साहाय्यकाच्या जागा उशिरा मोकळ्या होतात का, आणि प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, हे तिन्ही प्रश्न विभागाला लेखी विचारावेत. तोंडी आश्वासन मिळाल्यास ते पत्राच्या रूपात मागावे. त्या पत्रात रक्कम, महिन्यांची संख्या, शुल्कमाफी आणि नूतनीकरणाची अट यांपैकी एखादी जरी बाब नसेल, तर ती लिहून येईपर्यंत होकार कळवू नये.