एक्सेलची चूक-सूचना मराठीत, आपल्या माणसासारखी

सोसायटीच्या यादीत दहा अंकांचा नियम लावलेला असताना कुणी नऊच अंकी मोबाईल नंबर टाकला की एक्सेल इंग्रजीत खेकसतं आणि भरणारा गांगरतो. ती सूचना बदलता येते, दोन मिनिटांत.

१. नंबरांचा कॉलम निवडा. डेटा टॅबमध्ये डेटा व्हॅलिडेशन उघडा.
२. सेटिंग्जमध्ये अलाऊ : टेक्स्ट लेंग्थ, खाली इक्वल टू, लेंग्थ १०.
३. एरर अलर्टमध्ये स्टाइल 'स्टॉप' ठेवा. टायटल आणि एरर मेसेज मराठीत लिहा, ओके करा.

मी टायटल दिलंय 'अहो, थांबा जरा!' आणि खाली, 'अंकांची मोजणी चुकली वाटतं. मोबाईल नंबर १० अंकी हवा, मध्ये जागा न सोडता.' गंमत जरूर करा, पण काय दुरुस्त करायचं ते त्यातच सांगा. नुसत्या कोटीने माणूस अडतोच. आणि टोमणा नको; समोर कुणाची तरी आजी असू शकते.

'स्टॉप'ऐवजी 'वॉर्निंग' निवडलं, तर 'येस' दाबून चुकीची नोंदही पुढे जाते.

एक जपा : दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केलेला नंबर ही सूचना अडवत नाही. तो डोळ्यांनीच तपासा.