यादवी युद्ध शिकवण्याआधी: नकाशा १८६० सालचाच हवा

आठवीच्या वर्गाला अमेरिकेतील यादवी युद्ध शिकवायचे असेल, तर सर्वप्रथम १८६० सालचा नकाशा मिळवावा. शाळेच्या भिंतीवरचा पन्नास राज्यांचा नकाशा चालत नाही. गेल्या वर्षी मी तोच टांगला आणि ‘वेस्ट व्हर्जिनिया कोणाच्या बाजूने?’ या पहिल्याच प्रश्नाला तास अडला, कारण ते राज्य युद्ध चालू असतानाच, १८६३ मध्ये, व्हर्जिनियातून वेगळे झाले. १८६० मध्ये राज्ये ३३ होती. त्यांपैकी १८ राज्यांत गुलामगिरीला बंदी होती. उरलेल्या १५ पैकी ११ फुटली, तर डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी ही चार राज्ये गुलामगिरी राखूनही संघराज्यातच राहिली. म्हणजे रंग तीन लागतात, दोन नव्हेत. तयार नकाशा न मिळाल्यास कोऱ्या आराखड्यावर आदल्या रात्री घरीच रंगवावा. पस्तीस मिनिटांच्या तासात ते होत नाही.

सनावळी थोडकी ठेवावी: एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट सम्टर या किल्ल्यावरचा मारा, म्हणजे युद्धाची सुरुवात, आणि एप्रिल १८६५ मध्ये फुटीर दक्षिणेच्या जनरल लीची शरणागती. लढाई एकच, गेटिसबर्ग.

कारणांसाठी मिसिसिपी राज्याने फुटताना काढलेल्या जाहीरनाम्यातील एक उतारा मराठीत करून न्यावा. राज्यांच्या हक्कांसाठी किंवा करांसाठी युद्ध झाले, असे कुठेतरी ऐकून आलेली मुले वर्गात असतातच. त्यांच्याशी वाद घालू नये, उतारा वाचायला द्यावा. आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे, असे त्यात त्या राज्यानेच लिहून ठेवले आहे. त्या वेळी देशात सुमारे ४० लाख माणसे गुलामगिरीत होती, हा आकडा फळ्यावर तास संपेपर्यंत राहू द्यावा.

पुन्हा नकाशा. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची १ जानेवारी १८६३ची मुक्तीची घोषणा बंडखोर प्रदेशापुरतीच होती, त्या चार राज्यांना ती लागू नव्हती. हे तिसऱ्या रंगावर बोट ठेवल्याशिवाय मुलांच्या गळी उतरत नाही. सर्वत्र बंदी आली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने.

मुंबईचा भाग दहा मिनिटांत आटोपावा, नाहीतर उरलेला तास शेअर बाजारच खातो. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्या इकडच्या कापसावर अवलंबून राहिल्या, मुंबईत पैशाचा पूर आला, बँका आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सगळे कोसळले. त्या सट्ट्यातले मोठे नाव प्रेमचंद रायचंद यांचे. राजाबाई टॉवरला त्यांच्याच आईचे नाव आहे, एवढे सांगितले की वर्ग जागा होतो. मात्र अमेरिकेत तो कापूस कोण वेचत होते, हे त्याच दमात सांगावे.

मुलांना गुलाम आणि मालक करून नाटुकले बसवू नये, कोणी कितीही सुचवले तरी. जातीचा प्रश्न निघाला तर टाळू नये. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना मुक्त केल्याबद्दल, अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, तिथून बोलणे सुरू करता येते.

चित्रफीत असल्यास आधी स्वतः पाहावी. प्रोजेक्टर बंद पडतो हे गृहीत धरावे. कागदी नकाशा पडत नाही. स्वाध्यायाला दोन प्रश्न पुरेत: ती चार राज्ये का फुटली नसावीत, आणि १८६३ च्या घोषणेने नेमके कोण मुक्त झाले. सेनापतींची नावे विचारू नयेत.